गरगरे आणि रिकामी रेकॉर्ड

रिंकवाल्यांनी सांगितलं, तुमच्या जावयाबद्दल चार ओळी लिहून द्या, आठवणींची पुस्तिका काढतोय. मी म्हटलं, बाबा मी चौथी शिकलेली, मला लिहिता येत नाही, बोलता येतं. तर म्हणाले, बोलता तसंच टाइप करा. करतेय. चार ओळींत बसणार नाही हे आधीच सांगते, आणि कापाकापी करायची असेल तर अख्खंच फेकून द्या.

मॅनेजरसाहेबांचाही लेख आहे म्हणे त्या पुस्तिकेत. माझ्या लेकीने वाचून दाखवला. ते हसतमुख होते आणि वेळेचे पक्के होते, असं लिहिलंय. कोण? आमचा गरगरे? हा माणूस स्वतःच्या लग्नाला पाऊण तास उशिरा उभा राहिला, कारण हॉलच्या स्पीकरमधून घरघर येत होती आणि ती शोधायला तो स्टेजखाली शिरला होता. नवरी वर, नवरा खाली. बाहेर आला तेव्हा डोक्याला जळमटं, आणि मला म्हणतो, "आई, सापडली, वायर ढिली होती." मी तेव्हाच लेकीच्या कानात म्हटलं, अजून वेळ गेली नाही, बघ. तिने ऐकलं नाही. आमच्या घरात माझं कोणी ऐकत नाही.

गरगरे हे त्याचं नाव नव्हे, मी ठेवलेलं. तोंडावर जावईबापू आणि तुम्ही, पाठीमागे गरगरे. त्याला माहीत होतं. आता तो नाही म्हटल्यावर कसलं तुम्ही न काय. मी सरळ तो म्हणणार. राग येत असेल तर येऊन भांड म्हणावं.

तर हा रिंकवर गाणी लावायचा. स्केटिंग रिंक म्हणजे गोल हॉल, भोवती कठडा, भाड्याने चाकाचे बूट मिळतात आणि त्या बुटांच्या खोलीत जन्मात धुतले नसतील असे मोजे. एका बाजूला लाकडाचा चौथरा, त्यावर ह्याची खुर्ची आणि टेबल. समोर मोठी पांढरी भिंत, तिच्यावर सिनेमासारखं चित्र पडायचं. टेबलावर दोन रेकॉर्डचे प्लेअर, मध्ये एक काळी डबी, बाजूला लॅपटॉप. प्लेअरना मी तवे म्हणायचे. तसेच दिसतात, आणि दिवसभर ह्याचा हात त्यांच्यावरच. फक्त खायला काही मिळायचं नाही त्यातून.

आता त्या रेकॉर्डची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला वाटायचं रेकॉर्डमध्ये गाणी असतात. कोणालाही वाटेल. मी मुलीकडेच राहते. एकदा वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, तुमच्याकडे रेकॉर्डी आहेत, माझ्याकडे जुना प्लेअर आहे, एखादी द्या ऐकायला. मी दिली. दहा मिनिटांत आजोबा खाली. कानातलं मशीन काढून हातात धरलेलं. "बाई, ह्यात कोणाला तरी चिमटे काढतायत." मी वर जाऊन ऐकलं, तर नुसती टींऽऽऽ. शिट्टी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिट्टी.

संध्याकाळी गरगरे आला तर पोट धरून हसला. म्हणाला, "आई, त्यात गाणं नसतंच. गाणं लॅपटॉपच्या पोटात. रेकॉर्डमध्ये फक्त खूण आहे. सुई ती शिट्टी वाचते आणि डबी लॅपटॉपला सांगते, की रेकॉर्ड आता किती जोरात फिरतेय आणि पुढे फिरतेय का मागे. मी हाताने थांबवली की गाणं थांबतं. मागे ओढली की मागे जातं. एका रेकॉर्डवर गाणं, दुसरीवर भिंतीवरचं चित्र."

मी म्हटलं, "मग बटण का नाही दाबत? लॅपटॉपला बटणं आहेत की ढीगभर. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"आई, घोड्यावर बसलात तर हातात लगाम लागतो ना? बटण दाबून घोडा वळेल का?"

"मी कधी घोड्यावर बसले?"

"उदाहरण दिलं."

"घोडा आधी विकत घ्या, मग उदाहरणं द्या."

लेक आत हसत होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांना सुया टोचते. घरी आली की नवरा सुईवर फुंकर मारत बसलेला. सुईवाल्यांचं घर.

पण हसून किती दिवस काढणार. गरगरे रिंकवर नऊ वर्षं कच्चाच होता. मोसम संपला की घरी, मोसम लागला की बोलावणं, आणि दर मोसमाला मॅनेजर असा बोलावणार की जणू उपकार. मग लेकीने एक दिवस टेबलावर ताट ठेवता ठेवता सांगितलं. आवाज चढवला नाही, म्हणजे पक्कंच.

"ह्या मोसमात कायम झालास तर बरं. नाहीतर हे तवे विकायचे आणि दादाच्या फरशीच्या दुकानात बसायचं."

दादा म्हणजे माझा मुलगा. त्याचं दुकान चांगलं चालतं, बोलतोही फरशीसारखाच, थंड आणि चौकोनी. जागा मोकळीच होती. मी म्हटलं, देव पावला. खरं ते सांगते, मला तेच हवं होतं. माणसाने गिऱ्हाइकाला फरशी दाखवावी, दोन पैसे मिळवावेत, कॉलर स्वच्छ ठेवावी. हा तर दुपारभर बायकांना गोल गोल फिरवत होता.

बायका म्हणजे दुपारची पलटण. सहा जणी, सगळ्यात लहान बावन्नची. पुढे निवृत्त नर्सबाई, इंजेक्शन द्यायला निघाल्यासारखी छाती काढून. तिच्यामागे शिवणकामवाली, मग पोस्टातून निवृत्त झालेली, मग तीन बहिणी ज्या एकमेकींशी बोलत नाहीत पण हात धरतात. ह्यांना डॉक्टरांनी फिरायला जा म्हणून सांगितलं होतं. ह्यांनी चाकं लावली. मुलं संध्याकाळी येतात ती वाऱ्यासारखी जातात, ह्या दुपारी येऊन सामान हलवल्यासारख्या जायच्या. कोणी धडपडली की गाणं पुढे निघून जाणार आणि ह्या मागे राहणार. म्हणून गरगरे काय करायचा, एक जण डगमगली की रेकॉर्डच्या कडेला बोट टेकवायचा. गाणं सावकाश व्हायचं. दुसऱ्या हाताने चित्र सावकाश. भिंतीवर एक लांबच लांब रस्ता दाखवायचा, झाडं, घरं, मागे सरकणारी, म्हणजे ह्या बायकांना वाटावं की आपण कुठेतरी चाललोय. बाई सावरली की बोट काढायचा. रस्ता पुन्हा पळायला लागायचा. पडणाऱ्या बाईला कळायचंही नाही की तिच्यासाठी अख्खा रस्ता थांबला होता. तिला वाटायचं, आज मला छान जमलं.

मी हे बघायला एकदाच गेले होते. येताना त्याला म्हटलं, "तुमचा पगार त्या बायकांनी द्यायला हवा, रिंकने का?" तो म्हणाला, "त्या डबे आणतात की." खरंच आणायच्या. ते डबे आमच्याकडेच साचायचे आणि घासायचे मी.

मोसमाच्या शेवटी वार्षिक कार्यक्रम. ट्रस्टी येणार, पाहुणे येणार. त्याच्या आठवडाभर आधी मॅनेजरने टॅबलेट आणला. खायची गोळी नव्हे, काचेची पाटी. गरगरेला म्हणाला, "हे बघा, बोट लावलं की गाणं. तुमचं ते सामान म्हणजे तीन माणसांची जागा." गरगरे म्हणाला, "साहेब, पलटणीला हे थांबत नाही." मॅनेजर म्हणाला, "मग त्यांनी पडू नये." शेवटी असं ठरलं की सगळे कार्यक्रम टॅबलेटवर आणि शेवटचा एकटा पलटणीचा गरगरेच्या तव्यांवर. नीट झालं तर कायमचं पत्र. नाही झालं तर सोमवारी चौथऱ्याची किल्ली टेबलावर.

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तीन मिनिटांवर आहे सगळं."

"तीन मिनिटं दहा सेकंद," गरगरे म्हणाला.

"दहा सेकंदाने काय होणार आहे?"

"नर्सबाई त्यात पडतात."

त्या आठवड्यात रिंकच्या जमिनीला पॉलिश होतं, म्हणून सगळं सामान घरी आणलेलं. माझ्या ओट्याशेजारच्या टेबलावर. आणि आता मी कबूल करते. मी ते पुसलं. नऊ वर्षांची धूळ, चहाचे डाग, बघवेना. तव्यापासून डबीकडे जाणाऱ्या दोन दोन काळ्या वायरी, आणि प्रत्येक जोडीतल्या एका वायरीला पांढरी चिकटपट्टी लावलेली. मळून करडी झालेली. दुसऱ्या तव्याला मी हात लावेपर्यंत कुकरची शिट्टी झाली म्हणून तो वाचला. पहिल्या तव्याच्या वायरीवरची पट्टी मी खरवडून काढली, भांड्याच्या साबणाने पुसली, लख्ख केली. मला काय माहीत ती पट्टी म्हणजे कुठली वायर डावी न कुठली उजवी ह्याची खूण.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला आम्ही तिसऱ्या रांगेत. मी, लेक, फरशीवाला मुलगा. पॉलिशने जमीन अशी की खाली छत दिसत होतं. टॅबलेट आपला सुरळीत. मुलं आली, गेली. एक मुलगी मध्येच पडली, गाणं पुढे निघून गेलं, ती उठून गाण्यामागे धावत सुटली आणि गाणं संपल्यावर दोन गिरक्या तिने शांततेत घेतल्या. मॅनेजर टाळ्या वाजवत होता. ट्रस्टींतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ही शेवटची चूप गिरकी मुद्दाम आहे का?" मॅनेजर म्हणाला, "हो."

शेवटच्या कार्यक्रमापर्यंत त्याने गरगरेला स्पीकरची वायर दिली नाही. निवेदन चालू असतानाच दिली. तपासायला वेळ नाही. गरगरेने खाली वाकून सगळ्या वायरी खुपसल्या, सुई ठेवली, नर्सबाईकडे बघून मान हलवली. नर्सबाईने हात वर केला.

आणि गाणं उलटं सुरू झालं.

उलटं म्हणजे कसं सांगू. कोणीतरी गाणं गिळतंय असं. शब्द शेपटीकडून तोंडात जातायत. सहा जणी चाकांवर उभ्या, हात वर, तोंडं उघडी. भिंतीवर रस्ता मात्र सरळ पळतोय, तो तवा बरोबर होता ना. लोक हसायला लागले. माझा मुलगा म्हणाला, "सोमवारी दहाला दुकान उघडतं, सांगा त्याला." लेकीने माझं मनगट धरलं. असं धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होता. ती त्याला फरशीत बसवणार होती ना? मग हे मनगट कशाला?

मॅनेजर टॅबलेट पोटाशी धरून कठड्याच्या कडेने चौथऱ्याकडे निघाला. पॉलिशवरून, साध्या बुटांनी, भरभर जाता येत नव्हतं. बदक निघालंय जसं.

गरगरेने वायरींकडे बघितलं. लगेच कळलं होतं त्याला, डाव्याच्या जागी उजवी गेलीय. अशी गेली की लॅपटॉपला वाटतं रेकॉर्ड मागे फिरतेय. पण वायर चालूत काढली तर स्पीकर असा दणका देतो की पुढच्या रांगेतले पाहुणे खुर्चीतून उठतील, आणि सगळं बंद करून लावेपर्यंत बदक पोचणार. मग त्याने काय केलं, मोटर बंद केली. सुई उचलून रेकॉर्डच्या मधोमध ठेवली, कारण उलट फिरवली की सुई बाहेरच्या कडेकडे येते, कडेला ठेवली तर खालीच पडेल. उजव्या हाताचं एक बोट मधल्या कागदावर टेकवलं. आणि रेकॉर्ड हाताने उलट दिशेला फिरवायला लागला.

उलट्याचं उलट सरळ झालं. गाणं बाहेर आलं.

मिनिटाला तेहतीस फेऱ्या आणि वर थोडं, असा हिशोब असतो त्याचा. मोटर करते ते. ह्याने बोटाने केलं. तीन मिनिटं म्हणजे शंभर फेऱ्या. मी जात्यावर दळलेली बाई आहे, मला माहीत आहे एकसारखा हात ठेवणं म्हणजे काय. पाचव्या फेरीला खांदा बोलतो. हा नुसतं एक बोट. कानाने ऐकायचं आणि बोटाने सावरायचं. गाणं अगदी सरळ नव्हतं, थोडं प्यायल्यासारखं डुलत होतं, पण चाललं होतं. आणि डावा हात दुसऱ्या तव्यावर, चित्र बरोबर ठेवायला. पोस्टातली बाई वळणावर अडखळली, तर गाणंही तिच्यापुरतं वाकलं आणि रस्ताही. सहा जणी एकमेकींना धरून, जीव मुठीत घेऊन, पूर्ण गोल आल्या. नर्सबाई शेवटच्या दहा सेकंदांत पडल्या नाहीत. पडल्या त्या नमस्कार करताना, पण तोपर्यंत गाणं संपलं होतं.

टाळ्या. म्हातारे ट्रस्टी उभे. "उलट्या हाताने वाजवतो हा माणूस! बघितलंत? उलट्या हाताने!" मॅनेजर एव्हाना चौथऱ्याला पोचला होता. टॅबलेट पाठीमागे लपवून म्हणाला, "हो साहेब. आम्हीच बसवलंय तसं."

पत्र मिळालं. कायमचं. शिक्क्यासकट. लेक दोनदा वाचून फ्रिजवर लावून आली आणि तिसऱ्यांदा वाचायला परत गेली. फरशीवाल्याने दुसरा माणूस ठेवला.

पण पत्रात खाली एक ओळ होती. उलट्या हाताचा प्रयोग दर रविवारी दुपारी करावा.

सोमवारी सकाळी लेक कामावर गेल्यावर मी त्याच्यासमोर बसले. हा वायरींना नवी पट्टी लावत होता. मी म्हटलं, "जावईबापू, ती पट्टी मी काढली होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"वायरीला भांड्याच्या साबणाचा वास येत होता. अख्खा कार्यक्रम नाकात लिंबू."

"मग बोलला का नाहीत? घरभर सांगायचं होतं. मी चार दिवस झोपले नाही."

"बोललो असतो तर तुम्ही माफी मागितली असती आई. ती आपल्या दोघांना झेपली नसती."

मी म्हटलं, "मी कशाला माफी मागतेय? घाण होती म्हणून काढली."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला. मग दातांनी पट्टी तोडत म्हणाला, "आणि आता दर रविवारी मला वायर मुद्दाम चुकीची लावावी लागणार. नोकरी तुम्ही लावलीत, तर कामही तुम्हीच वाढवलंत."

तीन वर्षं त्याने ते केलं. रिंकने मोठा फलक लावला, उलट्या हाताचा जादूगार, त्यावर ह्याचा फोटो, आयुष्यात कधी नव्हे ते केस विंचरून. दर रविवारी शंभर फेऱ्या. बोटाचं पेर सुजलं, लिंबाएवढं. लेक रोज रात्री शेकायची आणि रोज बोलायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, वायर सरळ लावा, मोटर चालू करा, नुसतं बोट वर धरून नाटक करा. कोणाला कळतंय? शंभर माणसं बघतात, एकाला तरी दिसतं का रेकॉर्ड कुठे फिरतेय?"

"एकालाही नाही," तो म्हणाला. "मॅनेजर तर शेजारी उभा असतो. त्यालाही नाही."

"मग?"

"पलटणीला त्या डुलणाऱ्या गाण्याची सवय झालीय. मोटरच्या गाण्यावर त्या पडतात."

मी कपाळावर हात मारला. सहा म्हाताऱ्यांसाठी हा बोट मोडून घेतोय आणि मला कौतुकाने सांगतोय. देव शहाणपण वाटत होता तेव्हाही हा कुठल्यातरी स्टेजखाली असणार.

मग गेला. फार सांगत नाही. छातीत पाणी झालं, आठ दिवस दवाखान्यात. तिथेही काय, तर औषधाच्या गाडीचं चाक कुरकुरतंय, त्याला तेल घाला. नर्स म्हणाली, पेशंटला त्रास होतोय का? मी म्हटलं, चाकाला त्रास होतोय, पेशंटला तो सहन होत नाहीये. नवव्या दिवशी सकाळी बेडची चादर बदललेली होती. मी त्या नर्सला विचारलं, हलवलं का दुसरीकडे? तिने माझ्याकडे बघितलं. एवढंच.

मला त्याचा राग आहे. बासष्टची मी, सगळं दुखतं, मी बसलेय. तो सत्तेचाळीसचा. उलटं फिरवायची एवढी हौस होती तर हेही फिरवायचं होतं.

रिंकवर सभा झाली. मॅनेजर बोलले. त्यांनी ही कला वर्षानुवर्षं तपस्या करून मिळवली, म्हणाले. मी खाली बसून ऐकत होते. तपस्या कसली, भांड्याचा साबण. मग म्हणाले की त्यांची खुर्ची रिकामी राहील. राहिली, बारा दिवस. तेराव्या दिवशी तिच्यावर टॅबलेट.

पलटण टॅबलेटवर दोन रविवार फिरली. पहिल्या रविवारी तिघी पडल्या. दुसऱ्या रविवारी तीन बहिणींनी एकमेकींचा हात सोडला, आणि ते पडण्यापेक्षा वाईट. शिवाय फलक छापून झालेला, म्हातारे ट्रस्टी पाहुणे घेऊन आले उलटा हात बघायला, तर काचेची पाटी. मग मॅनेजर घरी आले. चहा घेतला. लेकीला म्हणाले, "ती उलटी रेकॉर्ड तुमच्याकडे असेल. ती रिंकला द्यावी. आम्ही माणूस ठेवतो."

त्यांना वाटत होतं की अशी वेगळी रेकॉर्ड असते. तीन वर्षं शेजारी उभं राहून.

लेक म्हणाली, "रेकॉर्ड मिळेल. माणूस नको. मी येते."

"तुम्हाला जमेल उलटं?"

"जमेल."

मॅनेजर गेल्यावर मी म्हटलं, "अगं तुला काय जमेल? तू कधी हात लावलास का त्या तव्यांना? विकायला निघाली होतीस ना?" तिने पट्ट्या बघून वायरी बरोबर लावल्या. डावी डावीकडे. मोटर चालू. महिनाभर ओट्याशेजारी सराव केला, म्हणजे सुई ठेवायची आणि बोट वर धरून नाटक करायचं. मीच नव्हतं का सुचवलं. शेवटी ह्या घरात माझं ऐकलं कोणीतरी.

परवाच्या रविवारी पहिला प्रयोग. फलकावर त्याचा फोटो तसाच, खाली हिचं नाव चिकटवलेलं. लेक खुर्चीत बसली, बोट धरलं, गाणं लागलं, एकदम सरळ. स्वच्छ. गाडीतलं असतं तसं. मॅनेजर मागे उभे, पाहुण्यांना सांगतायत, बघा बघा उलटा हात. रेकॉर्ड सरळ फिरतेय आणि पाहुणे मान डोलावतायत. मला हसू आवरेना आणि रडूही, म्हणून मी नाक शिंकरलं.

पलटण अर्ध्या गोलापर्यंत आली आणि ओळ तुटली. शिवणकामवाली कठड्याला चिकटली. नर्सबाई थांबल्या, दोन्ही पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून, भरल्या हॉलमध्ये ओरडल्या,

"बाई गं, फार सरळ लावलंयस. जरा वाकडं कर."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग तिने स्पीकर बंद केला, मोटर बंद केली, आणि डावीच्या जागी उजवी वायर लावायला टेबलाखाली वाकली.